कृतज्ञतेची वही: काळजी करणाऱ्या मनासाठी

काळजी कशी बोलते ते एकदा कान देऊन ऐका. ‘रिपोर्ट वाईट आला तर?’ ‘पोरगी अजून पोचलीच नसेल तर?’ ‘पुढच्या महिन्यात हप्ता भरायला जमलं नाही तर?’ प्रत्येक वाक्याच्या टोकाला ‘तर’ असतो आणि त्यातली एकही गोष्ट अजून घडलेली नसते. माझे वडील आजारी होते ते आठ महिने मी या ‘तर’सोबत झोपले आणि त्याच्यासोबतच उठले. रात्री अडीच-तीनला जाग यायची, छाती धडधडायची आणि पंख्याकडे बघत पहाट व्हायची. त्या दिवसांत एका समुपदेशक बाईंनी मला एक साधं काम दिलं. रात्री वहीत तीन गोष्टी लिहायच्या: आज घडलेल्या, बऱ्या वाटलेल्या, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते. शाळेतल्या मुलांना द्यावं तसं काम वाटलं मला. तरी लिहिलं. पहिल्या पानावरची पहिली नोंद अशी आहे: ‘बाबांनी आज अर्धी भाकरी खाल्ली. शेजारच्या काकूंनी मेथीची पातळ भाजी आणून दिली म्हणून घशाखाली उतरली.’

खाल्ली, उतरली. घडून गेलेल्या गोष्टीपुढे ‘तर’ लावता येत नाही. कृतज्ञता या शब्दातही तेच आहे: कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केलं गेलं ते जाणून घेणं. मनाला रोज दहा मिनिटं ‘होईल’मधून उचलून ‘झालं’मध्ये आणून बसवायचं, तेही बारीक तपशिलासकट, एवढंच ही वही करते. ते कसं करायचं हे पुढे सविस्तर सांगते.

त्याआधी अपेक्षा किती ठेवायची ते बोलू. 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटानं दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्यानं त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. पहिल्या गटातल्या मुलामुलींना आपलं आयुष्य एकूण बरं चाललंय असं जास्त वाटलं आणि येणाऱ्या आठवड्याबद्दल त्यांची उमेदही जास्त होती. 2005 साली मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी ‘तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणं’ हा एका आठवड्याचा सराव तपासला. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला, आणि ज्यांनी सराव आपणहून चालू ठेवला त्यांच्यात तो अधिक होता. मात्र 27 अभ्यास एकत्र करून 2021 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांवरचा परिणाम लहानच आढळला. हे मुद्दाम सांगते, कारण वही लिहूनही धडधड थांबली नाही म्हणून स्वतःलाच दोष देणारी माणसं मी पाहिली आहेत. वही म्हणजे काळजीवरचा रामबाण उपाय नव्हे. रोज थोडं चालल्यानं गुडघ्यांना जेवढा आराम पडतो, तेवढा ती मनाला देते. तेवढाही पुष्कळ असतो.

वही, जागा आणि वेळ

साधी शंभर पानी वही घ्या. जाड पुठ्ठ्याची, सोनेरी कडांची महागडी डायरी आणली की तिच्यात चांगल्याच अक्षरात, चांगलंच काहीतरी लिहावं असं दडपण येतं आणि पहिली चार पानं भरून ती कपाटात जाते. बँकेकडून मिळालेली जुनी डायरीही चालेल; तिच्यावरच्या तारखांकडे लक्ष देऊ नका. फोनवर लिहू नका असं मी आग्रहानं सांगेन. फोन हातात घेतला की मेसेज दिसतो आणि ज्या काळजीपासून दहा मिनिटं बाजूला व्हायचं होतं तीच समोर येते.

वेळ घड्याळावर ठरवू नका, कामाला जोडून ठरवा. रात्री ओटा पुसून झाला की, दाराची कडी लावली की, देवापाशी दिवा लावला की, अशा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला वही बांधून टाका. माझी वही दुधाच्या पातेल्याला विरजण लावण्याला बांधलेली आहे. विरजण लावायचं, झाकण ठेवायचं, वही उघडायची. अंथरुणात पडून लिहिणं टाळा, डोळे मिटायला लागतात आणि नोंदी आखूड होतात.

ज्यांना वहीही जड वाटते त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वापरावं. दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशोब आपण त्या चौकोनात लिहितोच, त्याच चौकोनात एक ओळ.

आधी डावं पान

हा टप्पा बरेच जण गाळतात आणि मग वही त्यांना खोटी वाटू लागते. मनात काळजीचा कल्लोळ चालू असताना एकदम ‘आज काय चांगलं झालं’ असं स्वतःला विचारलं, तर मन चिडतं. त्याचं ऐकूनच घेतलेलं नसतं. म्हणून वही उघडल्यावर आधी डावीकडच्या पानावर तीन मिनिटं काळजी लिहा. जशी डोक्यात येते तशी, शुद्धलेखनाचा विचार न करता. मग प्रत्येक काळजीपुढे एक छोटी रेघ ओढून दोनपैकी एक उत्तर लिहा: उद्या मी यासाठी काय करणार, किंवा आज माझ्या हातात यातलं काही नाही.

उदाहरणार्थ:

‘रक्ताचा रिपोर्ट अजून आला नाही — उद्या अकराला लॅबला फोन करणार.’
‘चिरंजीवांचं दहावीचं गणित — शनिवारी त्याच्याशी बोलणार, आज नाही.’
‘कंपनीत माणसं कमी करणार म्हणतात — आज माझ्या हातात काही नाही.’

तिसरं वाक्य लिहायला सगळ्यात अवघड जातं. तरी लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 2018 साली झालेल्या एका प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. उरलेलं काम कागदावर उतरलं की ते लक्षात धरून ठेवण्याची मनाची धडपड कमी होते, असा त्याचा अर्थ लावतात. माझा अनुभवही तसाच आहे. डावं पान भरलं की त्यावर पेन ठेवायचं नाही, नजर उजवीकडे न्यायची.

उजवं पान: तीन नोंदी

वहीचा जीव इथे आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

नव्यानं सुरुवात करणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी लिहितात: ‘कुटुंब. आरोग्य. डोक्यावर छप्पर.’ दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी लिहिण्यासारखं काही उरत नाही आणि वही बंद पडते. हे शब्द खरे आहेत, पण इतके मोठे आहेत की त्यात आजचा दिवस कुठे दिसतच नाही. काळजीही अशीच ढोबळ असते, ‘काहीतरी वाईट होणार’. ढोबळ भीतीला ढोबळ कृतज्ञतेनं उत्तर देता येत नाही. त्याला तपशील लागतो.

तपशील म्हणजे काय हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून तो चोळतात, शेकतात. नेमका खांदाच, कारण वर्षभर जू तिथे बसलं होतं. मग बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. ‘बैलांचे फार उपकार आहेत’ असं मोघम काही त्यात नाही. कुठे भार पडला ते ठाऊक आहे आणि हात तिथेच जातो. वहीतली नोंद अशी खांद्यावर हात ठेवणारी असावी.

त्यासाठी प्रत्येक नोंदीत चार गोष्टी शोधा. काय घडलं, म्हणजे जागा, वेळ, वस्तू. कोणामुळे घडलं. त्या माणसाला त्यासाठी काय करावं लागलं. आणि ते घडलं तेव्हा माझ्या अंगात काय झालं. चारही दर वेळी सापडतील असं नाही, दोन सापडल्या तरी नोंद उभी राहते.

‘नवरा चांगला आहे’ असं लिहिण्यापेक्षा: ‘मी डोकं धरून बसले होते तेव्हा यांनी न सांगता कुकर लावला. स्वतः ऑफिसातून आठला आले होते, बूटही काढले नव्हते. शिट्टी ऐकली आणि खांदे सैल पडले.’

‘प्रवास नीट झाला’ यापेक्षा: ‘एसटीत कंडक्टरनं उरलेले तीस रुपये तिकिटाच्या मागे लिहून दिले होते. मी विसरून उतरत होते, त्यांनी हाक मारून परत दिले. मागे माणसं खोळंबली होती, तरी.’

तिसरा प्रश्न, त्या माणसाला काय करावं लागलं, हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. काळजीनं ग्रासलेल्या माणसाला आपण एकटेच ओझं ओढतोय असं वाटत असतं. बूट न काढता कुकर लावणारा माणूस एकदा शब्दांत उतरला की ते एकटेपण पातळ होतं.

आणि एक नियम मी स्वतःसाठी केला आहे: तीनपैकी एक नोंद स्वतःच्या कृतीची. ‘नको वाटत होतं तरी बँकेत गेले आणि खात्याचं काम संपवलं.’ ‘घाबरत फोन उचलला, बोलले, काही वाईट नव्हतं.’ काळजी सारखी सांगत असते की तुझ्याच्यानं होणार नाही. सकारात्मक विचार करा असं सांगून ते बदलत नाही. कालपरवा जे झालं, ते आपल्याच अक्षरात लिहिलेलं समोर असलं की मन ते मानायला लागतं. म्हणून ‘का घडलं’ यापुढे ‘मी केलं म्हणून’ असं लिहायला संकोच करू नका.

रोज की अधूनमधून

पहिले सात दिवस रोज लिहा, कारण हाताला वळण लागायला तेवढं हवं. त्यानंतर आठवड्यातून एक-दोन दिवस पुरेत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं तसं वाढलं नाही. रोजच्या रतीबासारखं झालं की मन त्यात उरत नाही, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. मला स्वतःला कठीण दिवसांत रोज लागते आणि बऱ्या दिवसांत रविवार-बुधवार. तुम्ही तुमचं बघा. नोंदी ओढूनताणून येऊ लागल्या की दिवस कमी करा, आणि चार दिवस राहून गेलं तर मागचं भरत बसू नका, आजची तारीख घाला.

काहीच सुचत नाही त्या रात्री

अशा रात्री येतात. घरात वाद झालेला असतो, पैसे अडकलेले असतात, अंगात ताप असतो. तेव्हा मोठं शोधू नका, शरीरापाशी या. आज घशाखाली काय उतरलं? कुठे सावली मिळाली? नळाला पाणी वेळेवर आलं का? कोणी वाट करून दिली का? बाबांच्या एका फार वाईट दिवशी मी एवढंच लिहिलंय: ‘इस्पितळाच्या जिन्यात चहा प्याले. आलं होतं त्यात.’ आजही ते वाचलं की त्या आल्याची चव येते.

दुसरी एक युक्ती आहे, वजाबाकीची. एखादी चांगली गोष्ट निवडा आणि ती कशी सहज घडली नसती ते लिहा. त्या दिवशी पाऊस पडला नसता तर मी त्या पानटपरीच्या आडोशाला थांबले नसते, आणि आज जी माझी जिवलग मैत्रीण आहे तिच्याशी बोललेच नसते. 2008 साली मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत आढळलं की चांगली गोष्ट घडलीच नसती असं कल्पून लिहिणाऱ्यांना, ती कशी घडली एवढंच लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त बरं वाटलं. इथे ‘तर’ हा शब्द वापरला जातो, पण मागच्या दिशेनं.

आणि तरीही काही आलं नाही तर ‘आज काही नाही’ एवढं लिहून तारीख घाला आणि वही मिटा. ते खरं लिहिलेलं असतं, त्यामुळे इतर दिवसांच्या नोंदींवरचा विश्वासही टिकतो.

ही वही कशासाठी वापरू नये

आपल्या भाषेत या भावनेभोवतीचे शब्द जड आहेत. आभार या शब्दात भार ऐकू येतो. उपकार म्हटला की तो फेडावा लागतो, त्याचं ओझं होतं. लहानपणापासून आपल्यापैकी कित्येकांनी ऐकलेलं असतं, ‘तुझ्यासाठी एवढं केलं, त्याची काही जाणीव?’ त्यामुळे वही लिहायला बसल्यावर पोटात ऊब येण्याऐवजी अपराधी वाटू लागतं: एवढं सगळं मिळतंय आणि मी तरी रडतेय. असं झालं तर ती नोंद तिथेच सोडा. वहीत कर्जाचा हिशोब मांडायचा नाही. कोणाचं देणं लागतो हे लिहायचं नाही, काय मिळालं एवढंच लिहायचं. ‘शेजारच्या काकूंची भाजी’ इथे पूर्णविराम. परत वाटी भरून पाठवायची की नाही ते सकाळी बघू.

आपल्यापेक्षा वाईट परिस्थितीतल्या माणसांकडे बघून समाधान मानणं हेही या वहीत आणू नका. दुसऱ्याच्या दुःखावर उभं राहिलेलं समाधान काळजी करणाऱ्या मनात फार टिकत नाही. थोड्याच वेळात ते विचारतं, ‘आपलंही तसं झालं तर?’

सर्वांत महत्त्वाचं: अन्याय सोसण्यासाठी ही वही वापरू नका. घरात हात उचलला जातोय, कामाच्या ठिकाणी अपमान होतोय, पगार थकवला जातोय आणि आपण रात्री ‘निदान नोकरी तरी आहे’, ‘निदान घर तरी आहे’ असं लिहून झोपतोय, तर ते ‘निदान’ आपल्याला अडकवून ठेवतंय. ती गोष्ट डाव्या पानावर लिहा आणि तिच्यापुढे उद्या कोणाला सांगणार त्याचं नाव लिहा. दुसऱ्या कोणाला ‘कृतज्ञ राहा’ असं सांगण्यासाठीही वही पुढे करू नका. नुकतंच माणूस गमावलेल्या घरात तर मुळीच नको.

वहीतून बाहेर

महिनाभरात एखादं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागेल. त्या माणसाला ते कळवा. सेलिग्मन यांच्या त्याच 2005 सालच्या अभ्यासात, ज्यांचे कधी नीट आभार मानले नव्हते अशा माणसाला पत्र लिहून ते स्वतः नेऊन देणाऱ्यांना सर्वांत मोठा आनंद मिळाला होता, पण तो महिनाभरच पुरला. म्हणजे हे अधूनमधून करत राहायचं काम आहे.

आपल्या घरांत समोरासमोर असं बोलायची सवय नाही हे मी जाणते. आईला ‘थँक्यू’ म्हटलं तर ती म्हणते, ‘घरातल्यांना काय थँक्यू?’ मग वेगळ्या वाटेनं सांगा. ‘परवा तू थालीपीठ डब्यात दिलंस ना, दुपारी मीटिंगनंतर तेच खाऊन बरं वाटलं.’ आभाराचा शब्दही नाही, आणि सगळं पोचतं. परदेशात राहणाऱ्यांना हे फोनवरही करता येईल. ‘जेवलीस का, औषध घेतलंस का’ यानंतर वहीतली एक नोंद वाचून दाखवा.

लहान मुलांना लिहायला लावू नका, रात्रीच्या जेवणात प्रत्येकानं दिवसातली एक गोष्ट सांगायची एवढंच ठेवा. डोळ्यांनी अधू झालेल्या आजी-आजोबांसाठी आपण लेखनिक व्हावं.

वही पुरत नाही तेव्हा

छातीत दुखणं, दम लागणं, घाम फुटणं असं पहिल्यांदाच झालं तर ते मनाचंच आहे असं स्वतः ठरवू नका, आधी डॉक्टरांकडे जा. तपासण्या ठीक असूनही बहुतेक दिवस काळजी आटोक्यात येत नसेल, झोप, भूक, काम यांवर परिणाम होत असेल आणि हे कित्येक महिने चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. औषध किंवा समुपदेशन चालू असताना वही सोबत चालू शकते, त्यांच्या जागी नाही. केंद्र सरकारची टेलीमानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा तिचा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर वही उघडत बसू नका. शेजारच्या माणसाला उठवा आणि हा क्रमांक लावा.

महिन्यानं वाचताना

तीस-एक नोंदी झाल्या की एखाद्या निवांत दुपारी वही घेऊन बसा, हातात रंगीत पेन्सिल घ्या. उजव्या पानांवर माणसांच्या नावांना एका रंगाची रेघ, स्वतः केलेल्या कामांना दुसऱ्या रंगाची. मग डावी पानं. तिथे घडलेल्या काळज्यांपुढे टिंब ठेवा आणि न घडलेल्यांवर आडवी रेघ मारा. घडलेल्यांपुढे, त्या वेळी कोण सोबत होतं ते लिहा. बहुधा ते नाव उजवीकडे सापडेल.

मी पहिल्यांदा असं वाचलं तेव्हा बाबा जाऊन दोन महिने झाले होते. डाव्या पानावरची सगळ्यात मोठी काळजी खरी ठरली होती, तिच्यापुढे टिंब ठेवलं. उजव्या पानांवर शेजारच्या काकू अकरा वेळा होत्या, आणि दोन ठिकाणी रात्रपाळीचे वॉर्डबॉय, ज्यांचं नावही मी विचारलं नव्हतं. ‘उशी बदलली. बाबांना कूस वळवताना आधी हात चोळून गरम केले.’ दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेले, त्यांची पाळी कधी असते ते विचारलं आणि रात्री नऊला पुन्हा जाऊन त्यांना ते पान वाचून दाखवलं.